वाऱ्यावर बांधलेलं ग्रंथालय

देहनार, ११ खोर्दाद १३७५ (३१ मे १९९६)

प्रिय हुशंगमामांना फरंगीसचा सलाम.

तब्येतीची चौकशी शेवटी करीन, कारण आधी भांडायचं आहे. आमच्या ग्रंथालयाचा गळा घोटायला तुम्ही होकार दिलातच कसा?

काल कुलगुरू डॉ. नायिनींनी आम्हा ग्रंथालयातल्या सगळ्यांना बोलावून टेबलावर नकाशे पसरले. वाचनमंडपाच्या घुमटाखाली प्लास्टरचं खोटं छत. वाऱ्याचा मनोरा वरून विटांनी बंद. तळघरातली पाण्याची टाकी बुजवून तिथे यंत्रं, आणि भिंतीतल्या आठही कोनाड्यांत संगणक. गारवा म्हणे आता परदेशी यंत्रांतून येणार. मी म्हटलं, "साहेब, ज्यांनी ही इमारत बांधली त्यांना तरी विचारा." तर म्हणाले, "विचारलं की! मी स्वतः लाहीजानला फोन केला. तुमचे मामा म्हणाले, इमारत तुमचीच आहे, मी कोण सांगणारा, तुम्ही कराल ते उत्तमच असेल. किती मोठ्या मनाचा माणूस!"

मला हसावं की रडावं कळेना. मामा, हा माणूस दहा वर्षांचा असताना हॅम्बुर्गला गेला आणि पन्नाशीत परत आला. पहिल्याच दिवशी टॅक्सीवाला त्याला म्हणाला, "तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे, साहेब!" तर हा मनापासून आभार मानून उतरून चालू लागला. टॅक्सीवाला तो किस्सा अजून गावभर सांगतो. आपल्याकडे पहिला शब्द केवळ तआरुफ असतो, समोरच्याचा मान राखायला टाकलेला, हे त्याला कोण सांगणार? आणि तुम्हाला कोण सांगणार, की असल्या माणसासमोर असले शब्द उधळायचे नसतात?

मेहर महिन्यात वर्ग सुरू होण्याआधी काम उरकायचं ठरलंय. म्हणजे त्याच्या आधीच्या महिन्यात, शहरीवरमध्ये, कुदळ पडणार. तुम्ही त्यांना ताबडतोब लिहून कळवा की तुमचा होकार नाही.

आता सांगा, गुडघे कसे आहेत?

तुमची फरंगीस

---

लाहीजान, २० खोर्दाद

लाडक्या फरंगीस,

तुझा राग पोहोचला, बहुतेक टपालवाल्याच्या आधीच. तो बिचारा पाकीट देऊन लगबगीने निघून गेला.

अगं, फोनवर माणूस बोलणार तरी काय? एवढा मोठा कुलगुरू आपण होऊन फोन करतो, आवाज इतका अदबीचा, आणि मी कोण? चहाची गोदामं बांधणारा म्हातारा. "नाही" हा शब्द तोंडातून काढायचा म्हणजे पाहुण्याच्या हातातला पेला काढून घेण्यासारखं. तुझी आई, माझी बहीण, असती तर तिने त्याला दोन शब्द सुनावले असते. घरातली सगळी स्पष्टवक्तेपणाची वाटणी तिच्याकडे गेली आणि तिच्याकडून तुझ्याकडे आली. माझ्या वाट्याला फक्त चांगलं अक्षर आलं.

शिवाय त्या इमारतीत एवढं आहे काय, बाळ? मी तिशीचा होतो. गावाबाहेर विद्यापीठाला जागा मिळाली तिथे आधीच गावाची जुनी पाण्याची टाकी होती, जमिनीच्या पोटात, भुयारी पाटावर. सगळे म्हणत होते ती बुजवा. मी म्हटलं, राहू द्या, हिच्याच डोक्यावर बांधू. मनोऱ्याने वाळवंटाचा वारा वरच पकडायचा, सरळ खाली पाण्यावर नेऊन सोडायचा आणि मंडपाच्या फरशीतल्या जाळ्यांतून वाचणाऱ्याच्या पायाशी वर काढायचा. पुस्तकांच्या खोल्यांना मात्र मनोऱ्याची दुसरी नळी, पाण्याला न शिवणारी, म्हणजे कागदाला ओल लागायला नको. तरुणपणी माणसाला असलं काहीबाही सुचतं. चार मातीच्या विटा एकावर एक रचल्या, दुसरं काय.

पण तू म्हणतेस तर लिहितो नायिनीसाहेबांना. आजच लिहितो.

सोबत या मोसमातला पहिला चहा आणि बेकरीतले गोड कुलुचे पाठवले आहेत. कुलुचे वाटेत मोडले असतील तर चुऱ्यासाठी माफी.

तुझा मामा

---

देहनार, ५ तीर

मामा,

कुलुचे शाबूत आले. तुमचं पत्रही शाबूत आलं, आणि इथल्या सभेत ते मोठ्याने वाचलं गेलं.

"आपल्यासारख्या विद्वानाच्या पायधुळीने ज्या वास्तूचं भाग्य उजळलं, तिच्याविषयी या नाचीज माणसाने मत ते काय द्यावं. एवढीच नम्र आशा, की आपली कृपादृष्टी त्या गरीब घुमटावर राहो." मामा, हा नकार आहे? यात नकार कुठे लपवलात? ताकाला जाऊन भांडं लपवायची हीच का वेळ होती? डॉ. नायिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पत्र चौकटीत बसवून कचेरीत लावलंय. तुमचं ते चांगलं अक्षर! त्याच सभेत छताचा ठराव एकमताने पास झाला. माझं मत मोजलं नाही, कारण मी सभासद नाही, चहा घ्यायला थांबले होते.

सभेनंतर त्यांना गाठून मी समजवायला गेले, की मामांच्या म्हणण्याचा अर्थ उलट आहे. ते बुचकळ्यात पडले. म्हणाले, "फरंगीसखानूम, वास्तुशिल्पकाराची स्वाक्षरी असलेला कागद माझ्या भिंतीवर आहे, आणि तुम्ही म्हणता अर्थ उलट घ्या. मग उद्या तुम्ही रजेचा अर्ज दिलात तर मी काय समजायचं?"  माणूस वाईट नाही हो. त्याला खरंच वाटतंय की तो पोरांवर उपकार करतोय.

भीड ही भिकेची बहीण, असं आई म्हणायची ते तुमच्याकडेच बघून म्हणत असणार. एक ओळ लिहा. "माझा विरोध आहे." तीन शब्द. पाहिजे तर खाली सही वेलबुट्टीची करा.

फरंगीस

---

लाहीजान, १६ तीर

फरंगीस,

चार दिवस कागद समोर ठेवून बसलो होतो. ते तीन शब्द लिहिले नाहीत. कारण भीड नव्हे. आता खरं सांगतो.

मी नायिनीसाहेबांना फोनवर जे बोललो तो उपचार नव्हता. तू तसं धरून चाललीस आणि मला ते सोयीचं वाटलं, म्हणून मीही तसंच धरू दिलं. उभ्या आयुष्यात मी एकदाच मनातलं जसंच्या तसं बोललो, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही सगळ्यांनी ते तोंडदेखलं मानलंत. माझ्या मते त्यांनी खुशाल छत घालावं. ती इमारत फसलेली आहे.

उद्घाटनाच्या वेळी तू शाळकरी होतीस, तुला घरी ठेवलं होतं. पन्नास वर्षांत असा उन्हाळा नव्हता म्हणे. तेहरानहून बडे पाहुणे आले होते, काळ्या सुटांत. मी आधी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरलो होतो, की आत पाऊल टाकताच अंगावरून गार पाणी गेल्यासारखं वाटेल. पाऊल टाकलं, आणि काही नाही! वाऱ्याची झुळूक नाही. माणसांच्या गर्दीने मंडप तापत गेला. बायकांनी पंखे काढले, एका म्हाताऱ्या प्राध्यापकांना भोवळ आली. मी वर घुमटाकडे बघत, कपाळ पुसत एका कोनाड्यात जाऊन उभा राहिलो. आणि तिथे मला एक आवाज ऐकू आला, अगदी कानाशी लागून बोलावं तसा. "हे ग्रंथालय म्हणायचं की पावाची भट्टी? पुस्तकं खरपूस निघतील." बाजूला कोणीच नव्हतं. तो पाहुणा पार समोरच्या कोनाड्यात, दुसऱ्याच्या कानात कुजबुजत होता. म्हणजे माझ्या इमारतीत वारा वाहत नव्हता, पण निंदा मात्र बिनबोभाट वाहत होती. दोन दोष एका दमात कळले.

दुसऱ्याच दिवशी मी गाव सोडलं. लाहीजानच्या पावसात गोदामं बांधू लागलो. गोदामाकडून कुणी गारव्याची अपेक्षा करत नाही, आणि चहाची पेटी कुजबुजत नाही. त्यानंतर देहनारला आलो तो फक्त तुझ्या लग्नाला, आणि तेव्हाही विद्यापीठाचा रस्ता टाळला.

तुझं त्या जागेवर प्रेम आहे, म्हणून वाईट वाटतं. पण प्रेमाने भट्टी थंड होत नाही. रागावू नकोस.

मामा

---

देहनार, ३० तीर

माझ्या वेड्या मामा,

पत्र वाचून मी काउंटर सोडून उठले. माझ्या खोलीत त्या उद्घाटनाचा फोटो आहे. रोज त्याच्याखाली बसून मी डबा खाते, आणि इतक्या वर्षांत कधी धड बघितला नव्हता. काढून खिडकीशी नेला. पाहुणे आहेत, पंखे आहेत, कोनाड्यात तुम्हीही आहात, किती बारीक होता! आणि आता तुम्ही सांगा. फोटोत तुमच्या पायाखाली काय आहे?

गालिचे, मामा. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे. वाचायची टेबलं बाहेर काढून, पाहुण्यांच्या मानाखातर गावातल्या व्यापाऱ्यांनी आपापल्या दुकानातले उत्तमातले उत्तम गालिचे अंथरले होते. फरशीची एक जाळी मोकळी नाही! तुमचा वारा वरून पकडला गेला, पाण्यावरून फिरला, वर आला आणि तिथे आपल्याच पाहुणचाराखाली गुदमरला. त्या दिवशी कोणाला सुचलं नाही, कारण आपल्यात मान म्हणजे गालिचा. आणि तुम्ही वर घुमटाकडे बघत होतात.

चार दिवसांनी व्यापाऱ्यांनी गालिचे परत नेले. तेव्हापासून आजवर वारा थांबलेला नाही.

आता त्या भट्टीचं काय झालं ते ऐका. बाहेर वाळवंट पेटलेलं असतं तेव्हा मी डेस्कवर लोकरीचं जाकीट घालून बसते. टेबलाखाली बूट काढून जाळीवर पाय ठेवून वाचायची इथली जुनी रीतच आहे, म्हणून आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत मोज्यांचा वास सोडला तर तक्रार नाही. ऊन कधी पानावर पडत नाही, फक्त घुमटाच्या कडेने फिरत जातं, आणि पोरं घड्याळ न बघता त्यावरून जेवायची वेळ ओळखतात. गावातल्या बाकी कचेऱ्यांत जुन्या पुस्तकांची चामडी बांधणी तडकते. आमच्या खोल्यांत तुमच्या वेळी लावलेली पुस्तकं अजून मऊ उघडतात.

इराकशी लढाईच्या वर्षांत वीज जायची ती दिवसचे दिवस. इस्पितळ, बँक, कुलगुरूंचा बंगला, सगळीकडे लोक तळून निघत होते. तेव्हाच्या ग्रंथपालांनी दुपारी सगळ्या गावाला दार उघडं केलं. बायका मसूर निवडायला घेऊन यायच्या, तान्ही पोरं टेबलांवर झोपायची, आणि शेजारी इंजिनिअरिंगची मुलं गणितं सोडवायची. मी तेव्हा नवी होते. पुस्तकांचं घर एवढं मायाळू असू शकतं हे मी तिथे पाहिलं. ज्या दिवशी वीज जाईल त्या दिवशी नायिनीसाहेबांची यंत्रं काय करणार आहेत?

आणि तुमचा तो दुसरा दोष. नियमाप्रमाणे आमच्याकडे मुलं पूर्वेच्या बाजूला बसतात आणि मुली पश्चिमेच्या. समोरासमोरच्या कोनाड्यांसाठी सकाळी दार उघडायच्या आधी रांग लागते, मामा! पुस्तकात तोंड खुपसून पोरं भिंतीशी बोलत असतात, आणि घुमटाच्या पलीकडे एखादी मुलगी लाजून पान उलटते. आम्ही कर्मचारी काही बघत नाही. तुमचे जावई कामरान यांनी मला मागणी घातली ती तिसऱ्या कोनाड्यातून. मी होकार दिला तो सातव्यातून. कुजबुजताना नको नको करायला उसंत नसते. हो म्हणजे हो. या गावातली किती लग्नं तुमच्या त्या चुकीने जमवली असतील, देव जाणे.

इमारत फसलेली नाही. तुम्ही तिला एकदाच भेटलात, तेही ती तोंड बांधून उभी असताना. या आणि बघा. शहरीवर लांब नाही.

तुमची फरंगीस

---

लाहीजान, ९ मोर्दाद

फरंगीस,

गालिचे आठवले. काशानचे होते, डाळिंबाच्या नक्षीचे. मी त्यावर उभा राहून मनात म्हटलंही होतं, काय सुंदर विणकाम आहे.

तुझं पत्र मी शेजाऱ्याला वाचून दाखवलं, मग त्याच्या बायकोला. कामरानना सलाम सांग, आणि सांग की तिसऱ्या कोनाड्याचं भाडं बाकी आहे.

पण प्रवास माझ्याने व्हायचा नाही. गुडघे आहेत, चहाची दुसरी खुडणी आहे, आणि देहनारचं ऊन म्हणजे ऊन. तू मनापासून लिहिलंस, ते मला पोहोचलं. माणसाने आपली भाची काय म्हणते त्यावर हरभऱ्याच्या झाडावर चढू नये. तुझं माझ्यावरही प्रेम आहे ना, मग तुझी साक्ष कशी धरायची?

मामा

---

देहनार, ३० मोर्दाद

हुशंगमामा,

आठवडाभर मी प्रशिक्षणासाठी किरमानला काय गेले, आणि इथे काय काय घडलं!

परत आल्या आल्या काउंटरवरची पूरान सांगायला लागली. "ताई, एक आजोबा आले होते, उत्तरेकडचे. मोर्दादच्या भर उन्हाळ्यात हातात पावसाळी छत्री! कार्डावर धंदा लिहिला चहाची गोदामं. सगळ्या कोनाड्यांत बसून झालं. मग बूट काढून गुडघ्यांवर जाळीशी वाकले, तर मला वाटलं काही पडलं. विचारलं, आजोबा, काय शोधताय? तर म्हणाले, सापडलं. नंतर कोट अंगावर घेऊन टेबलावर डोकं ठेवून झोपले, आणि मी उठवलं नाही, ताई, कारण झोपेत हसत होते."

मामा, माझ्या गावात येऊन माझ्या घरी चहा न घेता गेलात? ही कुठली रीत? कामरान तर म्हणतो, मामांना तिसऱ्या कोनाड्याचं भाडं मागायला मीच भेटायला हवा होतो.

बरं, पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी तुम्ही डॉ. नायिनींच्या कचेरीत गेलात असं शिपायाने सांगितलं. दार बंद होतं. आणि काल ठेकेदाराचे लोक शिड्या घेऊन परत गेले. ठराव मागे. भिंतीवरची चौकटही गायब. मी साहेबांना विचारलं, काय झालं? ते नुसते म्हणाले, "तुमच्या मामांनाच विचारा. मला फार आनंद झाला."  पुन्हा काही वेलबुट्टीचं बोलून आलात का? त्यांना नक्की काय समजलंय? लगेच लिहा.

फरंगीस

---

लाहीजान, ७ शहरीवर

लाडक्या फरंगीस,

तू गावात नसताना यायचं हे मी ठरवूनच आलो होतो. पूरानच्या तोंडून तुझा किरमानचा बेत फोनवर काढून घेतला होता. तुझ्यासमोर मी बघितलं ते तुझ्या डोळ्यांनी बघितलं असतं.

आत काय वाटलं ते लिहिता येत नाही. पायाला वारा लागला तेव्हा एकदम रडूच आलं. पंचवीस वर्षं हा वारा मी बोलावला म्हणून येत होता, आणि त्याला भेटायला मीच आलो नव्हतो.

नायिनीसाहेबांनी दारापर्यंत येऊन स्वागत केलं. म्हणाले, "गुरुजी, तुमच्या उत्कृष्ट इमारतीत आम्ही जरा सुधारणा करतोय." आता यावर आपल्यातला कोणीही म्हणेल, छे, कसली उत्कृष्ट, वेडीवाकडी आहे, आपण सुधाराल तर तिचं नशीब. वाक्य जिभेवर तयार होतं, फरंगीस. वडिलांपासून, आजोबांपासून तयार होतं. आपल्या हाताने केलेल्या वस्तूला चांगलं म्हणणारा माणूस आपल्या घराण्यात झाला नाही. जेवण वाढताना तुझी आजी म्हणायची, अळणी झालंय, गोड मानून घ्या.

मी म्हणालो, "इमारत उत्कृष्टच आहे. मी बांधली आहे. हिला छत घालू नका, मनोरा बंद करू नका आणि पाणी बुजवू नका. माझा होकार नाही." आणि खुर्चीवर न विचारता बसलो.

 मला वाटलं आता तो माणूस संतापणार. तर त्याने खुर्ची ओढून माझ्या समोर घेतली आणि म्हणाला, "गुरुजी, मी या देशात परत आलो त्याला सहा वर्षं झाली. इतक्या काळात मला पहिल्यांदा कोणीतरी नाही म्हणालं. जे सुचवावं त्याला सगळे म्हणतात, वा, उत्तम! मला वाटायचं, मी खरंच इतका हुशार आहे." मग हळू आवाजात म्हणाला, "आणखी कुठे कुठे माझं चुकलंय, तुम्हाला ठाऊक आहे का?" मी म्हटलं, ते माझ्या भाचीला विचारा, तिला यादी पाठ असेल. तेव्हा तयारीत राहा. यंत्रं परीक्षेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये जाणार आहेत. तिथे ती हवीतच. चौकट त्यांनी स्वतः खिळ्यावरून काढली आणि पत्र मला परत दिलं. मी ते बसमध्ये फाडलं.

बसमध्ये शेजारी एक तरुण इंजिनिअर होता, कझवीनला निघालेला. त्याने नेहमीचं विचारलं, आजोबा, काय करता? पंचवीस वर्षं मी या प्रश्नाला चहाची गोदामं असं उत्तर देत आलोय. या वेळी म्हणालो, "देहनार विद्यापीठाचं ग्रंथालय मी बांधलं."

तो सीटवर सरळ वळून बसला. "ते तुम्ही बांधलंत? आजोबा, मी चार वर्षं तिथे झोपलोय हो! तशी झोप मला पुन्हा कुठे लागली नाही."

मी म्हटलं, "हो. जागा चांगलीच आहे ती."

तुझा मामा,
हुशंग